ताप उतरला, आता खरं लक्ष ठेवा : पावसाळी तापाचे सात दिवस

पावसाळा लागला की आमच्या बिल्डिंगमध्ये माझं दार वाजायला लागतं. "सिस्टर, जरा वर येऊन बघता का? पोराला ताप आहे." सरकारी रुग्णालयात नोकरी झाली, त्यातली बरीच वर्षं मेडिसिनच्या वॉर्डात गेली. निवृत्त झाले तरी 'सिस्टर' काही सुटलं नाही. वर गेलं की घरातलं कुणीतरी थर्मामीटर पुढे करतं. मी तो बाजूला ठेवते आणि विचारते, आज कितवा दिवस? मग घरात वाद सुरू होतो. आई म्हणते परवापासून. बाबा म्हणतात, शुक्रवारी ऑफिसातून आला तेव्हाच डोळे लाल होते. आणि पांघरुणातून पेशंट म्हणतो, गुरुवारी रात्रीच कणकण होती, पण मी बोललो नाही.

हा वाद मिटवणं ही पहिली पायरी. कारण पावसाळी तापात, विशेषतः डेंग्यूत, कधी घाबरायचं आणि कधी नाही हे दिवसावर ठरतं. ताप १०३-१०४ असतो तेव्हा अख्खं घर जागं असतं. ताप उतरला की सगळे झोपतात. डेंग्यूचं नेमकं उलट आहे. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप खाली येतो, आणि तिथून पुढचे २४ ते ४८ तास सगळ्यात धोक्याचे. त्या वेळात बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपायला लागतात. रक्तातलं पाणी पोटात, छातीच्या पोकळीत उतरतं आणि वाहिन्यांत उरलेलं रक्त घट्ट होतं. बहुतेकांचं हे थोडक्यात निभावतं. काहींचा रक्तदाब कोसळतो. वॉर्डात अत्यवस्थ होऊन आलेल्या कितीतरी पेशंटचे नातेवाईक एकच सांगायचे : "पण सिस्टर, काल तर ताप गेला होता!"

कागद करा

भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडा आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर रकाने आखा. तारीख आणि 'तापाचा दिवस' शेजारी शेजारी लिहा. ज्या दिवशी पहिल्यांदा कणकण आली किंवा थंडी वाजली तो पहिला दिवस. डॉक्टरकडे गेलात तो नव्हे, गोळी घेतली तोही नव्हे. मग वेळ, ताप किती, कोणती गोळी किती वाजता, पोटात काय आणि किती गेलं, उलटी-जुलाब, आणि शेवटचा रकाना लघवीचा.

लघवीचा रकाना बघून लोक हसतात. पण घरात बसून शरीरातल्या पाण्याचा अंदाज घ्यायला याच्याइतकं सोपं आणि फुकट साधन दुसरं नाही. मोठ्या माणसाला दर चार ते सहा तासांनी फिक्या रंगाची लघवी व्हायला हवी. सहा तास उलटले आणि झाली नाही, किंवा झाली ती चहासारखी गडद, तर पाणी कमी पडतंय. तरुण मुलांना हे विचारलेलं आवडत नाही. त्यांच्या हातात पेन द्या, त्यांचं त्यांना लिहू दे.

हाच कागद डॉक्टरांकडे घेऊन जा. "ताप येतोय-जातोय" यापेक्षा त्या पानातून त्यांना कितीतरी जास्त कळतं.

ताप आणि गोळी

डिजिटल थर्मामीटर पुरे. काखेतलं माप तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक डिग्री फॅरनहाइट कमी येतं, म्हणून रोज एकाच जागी मोजा आणि जागा कागदावर लिहा. १००.४ च्या वर गेला तर ताप धरायचा.

गोळी एकच : साधी पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर, आणि दिवसभरात एकूण ३ ग्रॅमच्या पुढे नाही. यकृताचा आजार, कावीळ किंवा रोजची दारू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गोळीने ताप पूर्ण जायलाच हवा हा हट्ट सोडा. १०३ चा १०१ झाला आणि माणूस दोन घोट प्यायला उठला तर गोळीचं काम झालं.

अंगदुखीची म्हणून जी दुसरी गोळी घरात असते ती मात्र या दिवसांत नको. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, निमेसुलाइड, अ‍ॅस्पिरिन, सगळ्या बंद. डेंग्यू असेल तर या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव व्हायची भीती वाढते. नाव बघून फसू नका. कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉल आहे हे खरं, पण सोबत आयबुप्रोफेनही आहे. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. तापाची एक आणि सर्दीची एक अशा घेतल्या की नकळत दुप्पट डोस जातो. स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचायची. चष्मा लावून वाचायची.

हृदयरोगामुळे कुणाला रोज अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंदही करू नका आणि गप्प चालूही ठेवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

लहान मुलांचा डोस वजनावर असतो : दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, तेही २४ तासांत तीन-चार वेळांपेक्षा जास्त नाही. इथे होणारी चूक मी स्वतः पाहिली आहे. बाजारात पॅरासिटामॉलचं पातळ औषध वेगवेगळ्या तीव्रतेचं मिळतं. एका सिरपच्या ५ मिलित १२५ मिलिग्रॅम, दुसऱ्याच्या ५ मिलित २५०, आणि तान्ह्या बाळांच्या ड्रॉप्समध्ये तर एका मिलितच १००. १२ किलोच्या मुलाला १२० मिलिग्रॅम द्यायचे तर २५० वाल्या सिरपचे साधारण अडीच मिलि होतात आणि ड्रॉप्सचे जेमतेम सव्वा. आजीने "एक चमचा" म्हणून ड्रॉप्सचे ५ मिलि दिले तर चौपट डोस गेला. बाटलीवर मार्करने आकडा ठळक लिहून ठेवा आणि सोबतच्या मापानेच द्या, स्वयंपाकघरातल्या चमच्याने नाही.

ताप फार चढला तर कोमट पाण्याने अंग पुसा. बर्फाचं पाणी नको, त्याने हुडहुडी भरते आणि ताप आणखी वर जातो. चार पांघरुणं घालून घाम काढण्याचा प्रकारही नको.

पोटात काय घालायचं

मोठ्या माणसाच्या पोटात दिवसाकाठी अडीच-तीन लिटर पातळ गेलं पाहिजे. एकदम तांब्याभर दिलं तर उलटून पडतं. दर पंधरा मिनिटांनी अर्धी वाटी असा धोशा लावा. नुसतं पाणी पुरत नाही, त्यात मीठ-साखर हवी. ओआरएस उत्तम. पाकीट एक लिटरचं आहे की २०० मिलिचं ते वाचा आणि तेवढ्याच पाण्यात आख्खं पाकीट घाला. "थोडं थोडं घालते" म्हणून अर्धं पाकीट ग्लासात टाकलं की प्रमाण बिघडतं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. २४ तासांत संपवा, उरलं तर ओतून द्या. दुकानात फळांच्या चित्रांच्या खोक्यात मिळणारी गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. त्यांत साखरच जास्त असते.

बाकी आपल्या घरातलं सगळं चालतं. भाताची पेज मीठ घालून, मुगाचं कढण, ताक, लिंबू सरबत, शहाळं, नाचणीची आंबील. लाल-काळ्या रंगाची सरबतं, बीट, डाळिंबाचा रस मात्र हे चार दिवस टाळा. उलटी झाली तर ते रक्त आहे की बीट हे रात्री दोन वाजता कुणाला कळणार? मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा पेशंट असेल तर तीन लिटरचा हिशोब लागू नाही, त्यांचं माप डॉक्टरच ठरवतील. मधुमेह असेल तर सरबतांऐवजी पेज, ताक आणि ओआरएस, आणि साखर दिवसातून तीन-चारदा तपासा.

यांनी घरी थांबायचंच नाही

तीन महिन्यांच्या आतलं बाळ १००.४ ताप दाखवत असेल तर कागदबिगद काही नको, सरळ रुग्णालय. गरोदर बाई, डायलिसिसवरचा माणूस, केमोथेरपी चालू असलेला, सिकलसेलचा पेशंट, खूप थकलेले म्हातारे, यांना पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी बघितलं पाहिजे. कुठल्याही वयात मान ताठणे, झटका, बरळणे, धाप लागणे दिसलं तर १०८ ला फोन करा. ती रुग्णवाहिका मोफत आहे.

अंग नीट बघा

सगळे पावसाळी ताप पहिल्या दोन दिवसांत सारखेच दिसतात : डोकं, अंग, कंबर, ताप. तरी काही खुणा असतात. उजेडात, कपडे बाजूला करून बघायच्या. फोनवर हे होत नाही.

डेंग्यूत डोळ्यांच्या मागे दुखतं, चेहरा आणि छाती तांबूस होते, जेवणाचा वास नकोसा होतो. सर्दी-खोकला सहसा फार नसतो. चिकुनगुनियात सांधे धरतात. मनगटं, घोटे, बोटांची पेरं इतकी की पेला उचलवत नाही, आणि ताप गेला तरी ते दुखणं आठवडे, कधी महिने रेंगाळतं. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९७३ साली त्याची मोठी साथ आली होती. नंतर तीसेक वर्षं हा आजार जवळजवळ विसरला गेला आणि २००५-०६ मध्ये परत आला तो कायमचाच. दोन्हींचा डास एकच, त्यामुळे सांधे कितीही धरले तरी डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत दुखण्याची गोळी पॅरासिटामॉलच.

मलेरियाची थंडी वेगळी असते. दात वाजतात, खाट हलते, मग ताप, मग घामाने गादी भिजते, आणि माणूस काही तास अगदी बरा वाटतो. एक दिवसाआड ताप हे पुस्तकातलं वर्णन सुरुवातीच्या दिवसांत जुळतंच असं नाही, म्हणून त्याची वाट बघू नका.

लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप. तो ओळखायला मी पोटऱ्या दाबते. पोटरीला हात लावल्यावर माणूस कळवळला आणि डोळे लाल असून चिपडं नसतील, तर लगेच विचारायचं : गेल्या महिनाभरात गुडघाभर पाण्यातून चाललात का? शेतात चिखलणी केली का? गोठ्यात काम? उंदरांचं मूत पाण्यात मिसळतं आणि पायावरच्या कापल्या-खरचटल्या जागेतून जंतू शरीरात शिरतात. ताप साधारण एक-दोन आठवड्यांनी येतो, तोवर ते पाणी विसरलेलं असतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरलं, टीव्हीवरच्या बातम्या संपल्या, आणि ऑगस्टमध्ये मुंबईत लेप्टोचे पेशंट यायला लागले. कोकणात भात लावणीच्या दिवसांत हे दरवर्षी घडतं. डोळे पिवळे, लघवी कमी, खोकल्यातून रक्त यांतलं काही दिसलं तर तास-दोन तासही घरी घालवू नका. आणि साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं असेल तर ताप यायच्या आधीच, ७२ तासांच्या आत, डॉक्टरांना प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा. ती डॉक्सिसायक्लिन असते, पण गरोदर बायकांना आणि लहान मुलांना चालत नाही, म्हणून स्वतःच्या मनाने नको.

आणखी एक खूण, जी घरचेच काय, घाईत डॉक्टरही चुकवतात. काख, जांघ, कमरेचा नाडीखालचा भाग, बाईचा स्तनाखालचा भाग बघा. सिगारेटचा चटका बसावा तशी काळी, न दुखणारी खपली दिसली तर तो स्क्रब टायफस असू शकतो. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होतो. २०१८ मध्ये नागपूर आणि आसपासच्या भागात त्याने बरेच जीव घेतले. औषध स्वस्त आहे, पण खपली कुणी बघितलीच नाही तर सुरू कोण करणार?

टायफॉइड या सगळ्यांत सावकाश. रोज थोडा थोडा चढत जातो, जीभ पांढरी, पोट बिघडलेलं, आणि आठवडा झाला तरी हटत नाही. त्याबद्दल पुढे तपासण्यांत बोलते, कारण तिथे एक गोंधळ आहे.

कोणती तपासणी कोणत्या दिवशी

ताप आला त्याच संध्याकाळी लॅबमध्ये 'फीव्हर पॅनल', म्हणजे तापाच्या सगळ्या तपासण्या एकदम, करून हजारो रुपये घालवणारे लोक मी बघते. तपासणीलाही दिवस असतो.

मलेरियाची रक्ताची काचपट्टी कधीही करा. थंडी वाजून ताप असेल तर पहिल्याच दिवशी. पट्टी निगेटिव्ह आली आणि ताप तसाच असेल तर पुन्हा करायची, एकदा नाही आली म्हणजे नाहीच असं नसतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती फुकट होते, खेड्यात आशाताई घरी येऊनही करतात.

डेंग्यूची एनएस-१ (रक्तात विषाणूचाच अंश शोधणारी तपासणी) पहिल्या पाच दिवसांत उपयोगी. पाचव्या दिवसानंतर आयजीएम (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी) बघायची. सातव्या दिवशी एनएस-१ निगेटिव्ह आली म्हणून पेढे वाटू नका, त्या दिवशी ती डेंग्यू असूनही निगेटिव्ह येऊ शकते. कार्डावरची झटपट चाचणी आणि लॅबमध्ये यंत्रावर होणारी एलायझा यांत एलायझा जास्त भरवशाची.

सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, तिसऱ्या दिवशी एकदा करून घ्या, म्हणजे पुढच्या आकड्यांशी तुलना करायला पाया मिळतो. मग डॉक्टर सांगतील तसं, बहुधा ताप उतरताना रोज.

टायफॉइडसाठी विडाल ही तपासणी अजूनही भरमसाट लिहिली जाते. पहिल्या आठवड्यात तिला अर्थ नसतो. आधी कधी टायफॉइड झाला असेल किंवा लस घेतली असेल तरी ती पॉझिटिव्ह येते. दुसऱ्या दिवशीच्या विडालवरून कुणी अँटिबायोटिक सुरू केलं तर विचारा की रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघण्याची तपासणी) करायचं का. कल्चरसाठी रक्त अँटिबायोटिकच्या आधी द्यावं लागतं. आगाऊपणा वाटला तरी विचारा.

चौथा, पाचवा, सहावा दिवस

इथे सुट्टी घ्यायची असेल तर घ्या. पहिल्या दोन दिवसांची रजा वाया गेली तरी चालेल, या दिवसांत पेशंट एकटा नको. ताप उतरला आणि भूक लागली, उठून बसला, मोबाइल मागितला, तर छान. ताप उतरला पण माणूस आणखी मलूल झाला, तर ते बरं होणं नव्हे.

या खुणांतली एक जरी दिसली तरी त्याच क्षणी रुग्णालयात जायचं. पोटात सतत आणि जोराचं दुखणं. दिवसात तीनपेक्षा जास्त उलट्या. हिरड्यांतून, नाकातून रक्त, डांबरासारखी काळी शी, किंवा पाळी नसताना रक्तस्राव, किंवा पाळीत नेहमीपेक्षा फार जास्त. उभं राहिल्यावर चक्कर. सारखी झोप, किंवा उलट, अस्वस्थपणे कुशी बदलणं. लहान मूल उगाच किरकिर करतंय आणि घेतलं तरी शांत होत नाही, हे त्यातलंच. सहा तासांत लघवी नाही. आणि हातपाय गार.

हातापायाचं सांगते. कपाळाला हात लावण्याची आपल्याला सवय, पण इथे तळपाय धरा. कपाळ कोमट आणि तळपाय थंडगार, ओलसर, ही वाईट खूण. मग बोटाचं टोक पाच सेकंद दाबून सोडा. पांढरं पडलेलं बोट दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणेपर्यंत रंग आला नाही तर निघा.

घरात रक्तदाबाचं यंत्र असेल तर वरचा आकडा बघून समाधान मानू नका. दोन आकड्यांतला फरक काढा. १२०/८० चा फरक ४०. १००/८५ वाचून लोक म्हणतात, शंभर आहे, ठीक आहे. ठीक नाही. फरक फक्त १५ आहे. २० किंवा त्याहून कमी फरक म्हणजे शरीर रक्तदाब कसाबसा तोलून धरतंय आणि तो कधीही कोसळेल. असा माणूस तुमच्याशी नीट बोलतही असतो, म्हणून फसायला होतं.

सीबीसीच्या रिपोर्टमध्ये पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट असा आकडा असतो, रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के हे तो सांगतो. तिसऱ्या दिवशी ३८ होता आणि पाचव्या दिवशी ४६ झाला, म्हणजे रक्त पाचव्या हिश्शाने घट्ट झालं. त्याबरोबर हिमोग्लोबिनही वाढलेलं दिसतं. "बघा सिस्टर, शहाळ्याने हिमोग्लोबिन वाढलं" असं आनंदाने सांगणाऱ्या एका आजोबांना मी रिक्षात बसवून पाठवलं होतं. वाढलं काही नव्हतं, पाणी कमी झालं होतं.

पेशी, पपई आणि सुई

आपल्याकडे सगळे म्हणतात, "पांढऱ्या पेशी कमी झाल्या." बहुतेक वेळा त्यांना प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, म्हणायचं असतं. पांढऱ्या पेशी वेगळ्या, त्याही डेंग्यूत घटतात, पण आपोआप भरतात. घर हादरतं ते प्लेटलेटच्या आकड्याने.

नेहमीचा आकडा दीड लाखाच्या वर. डेंग्यूत तो ८० हजार, ५० हजार, कधी २० हजारांवर येतो. रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांच्या खाली जाईपर्यंत प्लेटलेट चढवायची गरज नसते, आणि चढवलेल्या प्लेटलेट फार वेळ टिकतही नाहीत. ६० हजारांवर व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात रक्तदाते शोधणारे नातेवाईक मी दरवर्षी बघते. तो धावपळीचा वेळ पेशंटला पेज पाजण्यात घालवावा, हे माझं स्पष्ट मत. ३५ हजार प्लेटलेट, पण लघवी होतेय, तळपाय उबदार, भूक लागलीय, असा पेशंट ८० हजारांच्या पण पोट धरून बसलेल्या पेशंटपेक्षा बरा. यंत्राचा आकडाही कधी चुकतो, प्लेटलेटचे गुच्छ झाले की ते कमी मोजतं. एकदम विचित्र आकडा आला तर स्लाइडवर मोजून मागा.

पपईच्या पानांचा रस? काही छोट्या अभ्यासांत प्लेटलेट थोड्या लवकर वाढलेल्या दिसल्या, पण झिरपणं त्याने थांबतं असं दिसलेलं नाही, आणि जीव जातो तो झिरपण्याने. शिवाय तो कडूजहर रस मळमळणाऱ्या पोटात गेला की दोन तासांचं पाणी उलटून पडतं. किवी फळ चांगलं, पण साथीच्या दिवसांत त्याचा भाव बघता पेरू खा. शेळीच्या दुधाचंही तेच, आणि मिळालंच तर न उकळता पिऊ नका.

"डॉक्टर, एक सुई मारा, म्हणजे लवकर बरं वाटेल" असं म्हणायचं सोडा. प्लेटलेट कमी असताना कमरेत इंजेक्शन घेतलं तर आत रक्त साकळून गाठ होते. शिरेतलं सलाईनही ताकद म्हणून घ्यायची गोष्ट नाही. तोंडाने पिता येत असेल तर तोंडानेच. झिरपलेलं पाणी नंतर परत रक्तात येतं, तेव्हा वरून सलाईनचा मारा झालेला असेल तर फुप्फुसात पाणी साचून धाप लागते. डेंग्यूच्या विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही, स्टेरॉइडचाही उपयोग नाही.

उतार पडल्यावर

झिरपणं थांबलं की दोन दिवसांत माणूस पालटतो. भूक लागते, लघवी भरपूर होते, आणि हातापायांवर लाल चट्टे येऊन मधे मधे पांढरे ठिपके राहतात. तळहात-तळपाय खूप खाजतात. घरचे पुन्हा घाबरतात, पण ही सुधारणेची खूण आहे. खोबरेल लावा.

मलेरिया निघाला असेल तर कोर्स संपवण्यावर माझा जोर आहे. व्हायव्हॅक्स जातीचा परजीवी यकृतात लपून बसतो आणि महिन्यांनी पुन्हा उठतो. रक्तातला तीन दिवसांच्या गोळ्यांनी जातो, यकृतातल्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावी लागते. पाचव्या दिवशी बरं वाटतं आणि स्ट्रिप ड्रॉवरमध्ये जाते. ती पुन्हा बाहेर काढा. मात्र गरोदरपणात ही गोळी चालत नाही, आणि जी६पीडी नावाचं द्रव्य जन्मतः कमी असलेल्यांना तिने रक्त फुटतं. लघवी कोका-कोलासारखी झाली तर गोळी थांबवून लगेच रुग्णालयात.

थकवा दोन-तीन आठवडे राहतो. कामावर जायची घाई असेल तर निदान पहिला आठवडा जिने आणि लोकलची गर्दी टाळा. दोन-तीन महिन्यांनी मूठ मूठ केस गळायला लागले तर तेल बदलत बसू नका, तापानंतर असं होतं आणि आपोआप भरून येतं.

आणि पेशंट झोपलेला असताना घरातल्या दुसऱ्या कुणीतरी बादली-पिंपांकडे जा. तापाच्या दिवसांत पेशंटला चावलेला डास पुढे तुम्हाला चावला तर हेच सगळं पुन्हा होईल, म्हणून त्याला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा. हा डास दिवसाच चावतो, सकाळी आणि मावळतीच्या आधी जास्त. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळं पाणी रिकामं करायचं. नुसतं ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी राहतात आणि पाणी लागलं की फुटतात. काथ्याने आतून घासा. फ्रिजच्या मागचा ट्रे, एसीच्या नळीखालची बादली, मनीप्लांटची बाटली, तुळशीच्या कुंडीखालची ताटली, गच्चीवरचं टायर. आमच्या बिल्डिंगमध्ये गेल्या वर्षी अळ्या सापडल्या त्या दुसऱ्या मजल्यावर, देवघरातल्या कलशात.